डॉ. होमी भाभा आणि ट्रान्झिस्टर

होमी भाभा म्हटलं की तुम्ही लगेच अणुशक्ती लिहून मोकळे होता. बरोबरच आहे ते. पण आज त्यांच्या कामाची दुसरी बाजू बघू.

आधी ट्रान्झिस्टर समजून घ्या. आपल्या महाड-पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाड्यांवर वीज नव्हती, तेव्हाही सेलवर चालणारा छोटा रेडिओ वाजायचा. त्यालाच सगळे ट्रान्झिस्टर म्हणायचे. घरी आजोबांना विचारा. खरं तर हे नाव रेडिओचं नाही, त्याच्या आतल्या एका इवल्याशा भागाचं आहे. त्याआधीच्या रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापायचे, वीज खायचे आणि कधीतरी जळायचे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याची दोन टोकं अगदी जवळजवळ टेकवली. एका टोकाकडच्या छोट्या विद्युतप्रवाहाने दुसरीकडचा मोठा प्रवाह कमीजास्त करता आला. त्यांचे गटप्रमुख विल्यम शॉकली यांनी पुढच्याच महिन्यात जास्त टिकाऊ रचना सुचवली. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं.

आता भाभांकडे वळू. जन्म मुंबईचा, ३० ऑक्टोबर १९०९. केंब्रिजला आधी इंजिनिअरिंग, मग भौतिकशास्त्र. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे इथेच राहिले. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम केलं आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. ती नंतर मुंबईत कुलाब्याला गेली. (हा मुंबईतला कुलाबा बरं का! आपल्या रायगड जिल्ह्याचं जुनं नावही कुलाबाच होतं, गोंधळ करू नका.)

वैश्विक किरण मोजायचे तर मोजणारी उपकरणं हवीत, अणुभट्टी चालवायची तर तिचं नियंत्रण हवं. म्हणजे दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक्स आलंच. ते परदेशातून आणलं तर भट्टी आपली, पण तिचा लगाम दुसऱ्याच्या हातात! म्हणून तुर्भ्याच्या 'अप्सरा' अणुभट्टीची नियंत्रणव्यवस्था ए. एस. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथेच तयार केली. ४ ऑगस्ट १९५६ ला भट्टी सुरू झाली.

भाभांच्या संस्थेतल्या तरुणांनी 'टिफ्रॅक' हा संगणकही स्वतः बांधला. तो १९६० मध्ये पूर्ण झाला. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. पण तोवर जग ट्रान्झिस्टरकडे वळलं होतं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेहून ट्रान्झिस्टरवर चालणारा सीडीसी ३६०० आणावा लागला. माझ्या मते टिफ्रॅक वाया गेला असं मुळीच नाही. तो बांधताना माणसं तयार झाली, आणि माणसं काही विकत आणता येत नाहीत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारने इलेक्ट्रॉनिक्ससाठी समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच भाभा. विक्रम साराभाई आणि ए. एस. राव हेही तिच्यात होते. ट्रान्झिस्टरसारखे सुटे भाग देशातच बनले पाहिजेत, यावर समितीचा भर होता.

अहवाल १९६६ मध्ये बाहेर आला, पण तो बघायला भाभा राहिले नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना त्यांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळलं. वय अवघं छप्पन्न. पुढच्याच वर्षी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया सुरू झालं, आणि त्याची धुरा 'अप्सरा'वाल्या ए. एस. राव यांच्याकडेच आली.