पौल ला कूर

पौल ला कूर (१३ एप्रिल १८४६ – २४ एप्रिल १९०८) हे डेन्मार्कमधील भौतिकशास्त्रज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, संशोधक व शिक्षक होते. वाऱ्यापासून वीज निर्माण करून ती साठवण्याचे आणि खेड्यातील घरांपर्यंत सुरक्षितपणे पोहोचवण्याचे शास्त्रशुद्ध प्रयोग त्यांनी आस्कोव या गावी केले. पवनऊर्जेच्या आधुनिक तंत्राच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

जन्म व शिक्षण

ला कूर यांचा जन्म डेन्मार्कच्या यूटलंड द्वीपकल्पातील एबेलटॉफ्ट गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. कोपनहेगन येथे त्यांनी भौतिकशास्त्र व हवामानशास्त्र या विषयांचे उच्च शिक्षण घेतले. १८७२ मध्ये डेन्मार्कची हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा ते तिचे उपसंचालक झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २६ वर्षांचे होते.

तारायंत्रावरील संशोधन

हवामानाची निरीक्षणे दूरच्या ठिकाणांहून तारेने मागवावी लागत. त्यातून ला कूर यांचे लक्ष तारायंत्राकडे वळले. निरनिराळ्या स्वरांची कंपने वापरून एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवता येतील, या कल्पनेवर त्यांनी काम केले. अमेरिकेत एलिशा ग्रे व अलेक्झांडर ग्रॅहम बेल हेही त्याच सुमारास याच दिशेने प्रयत्न करीत होते. १८७५ मध्ये ला कूर यांनी स्वरचक्र तयार केले. स्वरकाट्याच्या कंपनांनी नियंत्रित होणाऱ्या विद्युतप्रवाहावर हे दातेरी चाक अतिशय स्थिर गतीने फिरत असे. पुढे बहुसंदेशी तारायंत्रात त्याचा उपयोग झाला, परंतु त्याचा मोठा आर्थिक लाभ ला कूर यांना मिळाला नाही.

आस्कोव येथील अध्यापन

१८७८ मध्ये राजधानीतील प्रतिष्ठेचे पद सोडून ला कूर आस्कोव येथील लोकविद्यालयात गणित व निसर्गविज्ञानाचे शिक्षक झाले. धर्मोपदेशक व कवी ग्रुंटविग यांच्या विचारांतून डेन्मार्कमध्ये अशी लोकविद्यालये निघाली होती. शेतकऱ्यांची प्रौढ मुले-मुली तेथे राहून शिकत आणि परीक्षा व पदवी यांना तेथे स्थान नसे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कला मोठा प्रदेश गमवावा लागला होता. देशाची उभारणी आता खेड्यातील शिक्षणातूनच होईल, अशी या चळवळीची धारणा होती.

ला कूर गणित व भौतिकशास्त्र इतिहासाच्या क्रमाने शिकवीत. एखादा सिद्धांत माणसाला कोणत्या अडचणीतून सुचला, हे कळल्यावर तो समजणे सोपे जाते, अशी त्यांची पद्धत होती. तिच्यातूनच गणिताच्या इतिहासावरील व याकोब अपेल यांच्यासह लिहिलेला भौतिकशास्त्राच्या इतिहासावरील असे त्यांचे ग्रंथ सिद्ध झाले.

प्रयोगशील पवनचक्की

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांत विजेचे दिवे व यंत्रे आली, पण खेडी अंधारातच राहिली. या विषमतेमुळे तरुण गाव सोडून शहराकडे जातील, अशी चिंता ला कूर यांना वाटत होती. डेन्मार्ककडे कोळसा वा मोठ्या नद्या नव्हत्या, वारा मात्र भरपूर होता. १८९१ मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी आस्कोव येथे प्रयोगासाठी पवनचक्की उभारली.

वाऱ्यापासून वीज निर्माण करणारे ते पहिले नव्हते. स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये आणि अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे चार्ल्स ब्रश यांनी १८८८ मध्ये तसे केले होते. ला कूर यांचे वेगळेपण असे की, आपले काम त्यांनी मोजमापांवर उभे केले. कृत्रिम वारा निर्माण करणाऱ्या नळ्यांत त्यांनी पात्यांचे छोटे नमुने तपासले. पाती पुष्कळ असण्यापेक्षा ती मोजकी, योग्य आकाराची व वेगाने फिरणारी असणे वीजनिर्मितीला अधिक उपयुक्त ठरते, हे या प्रयोगांतून दिसून आले. १८९७ मध्ये तेथे अधिक मोठी पवनचक्की उभी राहिली. प्रयोगांचे वृत्तांत १९०० व १९०३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

हायड्रोजनचा साठा व स्फोट

वारा नसताना वीज कोठून आणावी, हा मूळ प्रश्न होता. ला कूर यांनी पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विद्युत विच्छेदन केले व मिळालेला हायड्रोजन टाकीत साठवला. या कामी इटलीचे पोम्पेओ गारुती यांच्या उपकरणाचा त्यांना उपयोग झाला. १८९५ पासून १९०२ पर्यंत विद्यालयातील दिवे या वायूवर जळत होते.

हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला की ठिणगीसरशी स्फोट होतो. असे लहान स्फोट आस्कोव येथे झाले आणि विद्यालयाच्या खिडक्यांच्या काचा अनेकदा बदलाव्या लागल्या. हायड्रोजनवर इंजिन चालवण्याची त्यांची आकांक्षाही सफल झाली नाही. अखेर त्यांनी विजेचा साठा संचायक घटमालेत, म्हणजे बॅटरीत, करण्याचा मार्ग स्वीकारला.

नियंत्रणाची साधने

वाऱ्याचा वेग क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याबरोबर डायनामोची गती व विद्युतदाबही बदलतो. हे चढउतार आवरण्यासाठी ला कूर यांनी क्रॅटोस्टॅट हे यांत्रिक साधन तयार केले. जोराचा झोत आला तरी डायनामोकडे ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक जोर जाऊ न देणे, हे त्याचे कार्य होते. पुढे त्याचे सोपे रूप प्रचारात आले. त्यात झुलत्या दांड्यावर पट्टा बसवलेला असे आणि जोर वाढला की तो पट्टा घसरे.

दुसरा धोका वारा पडल्यावर उद्भवे. डायनामोचा विद्युतदाब बॅटरीच्या दाबापेक्षा कमी झाला की प्रवाह उलटा वाहू लागतो. साठवलेली वीज डायनामोतच खर्च होते, डायनामो मोटारीप्रमाणे फिरू लागतो आणि वेटोळी तापून जळण्याची भीती असते. रात्रंदिवस पहारा ठेवणे शेतकऱ्याला शक्य नव्हते. म्हणून ला कूर यांनी विद्युतचुंबकावर चालणारी स्वयंचलित कळ योजली. डायनामोचा दाब पुरेसा वाढल्यावर ही कळ बॅटरी जोडत असे आणि प्रवाह उलटू लागताच ती तोडत असे. खेड्यातील वीजकेंद्रे विशेष देखरेखीशिवाय चालू शकली, त्यात या छोट्या साधनाचा मोठा वाटा होता.

ग्रामीण विद्युतीकरण

१९०२ मध्ये आस्कोव गावाला पवनचक्कीची वीज मिळू लागली. वारा नसलेल्या दिवसांसाठी तेलावर चालणारे इंजिन ठेवण्यात आले. १९०३ मध्ये ला कूर यांच्या पुढाकाराने डेन्मार्कची पवनविद्युत संस्था स्थापन झाली. खेड्यांना वीजकेंद्रांच्या उभारणीसाठी ती सल्ला देत असे. १९०४ पासून आस्कोव येथे ग्रामीण वीजतंत्रज्ञांचे प्रशिक्षणवर्ग सुरू झाले. यंत्र बसवणारा व दुरुस्त करणारा माणूस त्याच परिसरातील असल्याखेरीज यंत्र टिकणार नाही, ही त्यामागील दृष्टी होती.

मृत्यू व वारसा

२४ एप्रिल १९०८ रोजी आस्कोव येथे ला कूर यांचे निधन झाले. त्या सुमारास डेन्मार्कमध्ये ५ ते २५ किलोवॅट क्षमतेची ७२ पवनविद्युत यंत्रे चालू होती. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा या कामाचे मोल विशेष जाणवले. १९१८ मध्ये सुमारे १२० ग्रामीण वीजकेंद्रांत पवनचक्क्या होत्या आणि देशाच्या विजेचा सुमारे ३ टक्के वाटा त्यांच्यापासून मिळत होता. पुढे स्वस्त इंधन व प्रत्यावर्ती प्रवाहाची मोठी जाळी यांपुढे ही केंद्रे मागे पडली. १८९७ ची पवनचक्की १९२९ मध्ये आगीत जळाली.

ला कूर यांच्या वर्गात शिकलेले योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. तिच्यातून थेट प्रत्यावर्ती प्रवाह मिळत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्कमध्ये पवनऊर्जेचे जे पुनरुज्जीवन झाले, त्याला ही परंपरा पायाभूत ठरली. १९८६ मध्ये महाराष्ट्र, गुजरात व तमिळनाडूच्या किनारी भागांत भारतातील आरंभीची पवनकेंद्रे उभी राहिली, तेव्हा तेथे व्हेस्टास या डॅनिश कंपनीची ५५ किलोवॅटची यंत्रे बसवण्यात आली होती. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी येथील पठारांवर पुढे मोठ्या प्रमाणावर पवनचक्क्या आल्या.

घरगुती पवनचक्कीशी संबंध

आजच्या घरगुती पवनचक्कीत बहुधा कायमचुंबकी जनित्र असते. त्यातून तीन तारांवर प्रत्यावर्ती प्रवाह येतो. बॅटरीसाठी तो एकदिश करावा लागतो. ते काम सहा डायोडांचा रेक्टिफायर करतो. डायोडातून प्रवाह एकाच दिशेने जात असल्यामुळे बॅटरीची वीज जनित्राकडे परतत नाही. ला कूर यांच्या स्वयंचलित कळीचे कार्य अशा रीतीने या पेटीत आपोआप साधले जाते.

ला कूर यांना भेडसावलेले धोके मात्र कायम आहेत. प्रवाह एका वेळी दोन डायोडांतून जातो आणि प्रत्येकात सुमारे ०.७ व्होल्ट दाब खर्ची पडतो. म्हणजे २० अँपिअर प्रवाह असताना सुमारे २८ वॅट उष्णता निर्माण होते. यास्तव डायोड उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पंखांवर बसवतात. पेटी न जळणाऱ्या पदार्थाची, हवेशीर व भूसंपर्कित असावी लागते. बॅटरीजवळ फ्यूज आवश्यक असतो. पवनचक्की वेगाने फिरत असताना बॅटरी सोडवल्यास भार नाहीसा होतो, विद्युतदाब एकदम चढतो व पाती बेफाम फिरू लागतात. त्यामुळे आधी चक्की थांबवून मगच जोडणी सोडवतात. बॅटरी भरल्यावर उरलेली वीज रोधाकडे वळवण्याची सोय केलेली असते.

शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. आस्कोव येथील खिडक्यांच्या काचा फोडणारे मिश्रण हेच होते. म्हणून ठिणगी पडू शकेल अशी कळ किंवा जोडणी बॅटरीच्या बंदिस्त जागेत ठेवत नाहीत.

आस्कोव येथे ला कूर यांच्या कार्याचे संग्रहालय आहे.