सर हेन्री रॉइस

जुनी मोटार घाट चढतांना मध्येंच अडखळूं लागली, कीं आंत बसलेले लोक प्रथम गाडीला दोष देतात, मग पेट्रोल विकणाऱ्याला, व शेवटीं आपल्या नशिबाला. दोष नेमका कोठें आहे हें शोधण्याचे श्रम घेणारा मनुष्य विरळा. अशाच एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

हेन्री रॉइस याचा जन्म इंग्लंडांत पीटरबरो शहराजवळील ऑलवॉल्टन या खेड्यांत २७ मार्च १८६३ रोजीं झाला. वडील पिठाची गिरणी चालवीत. परंतु तो धंदा बुडाला, आणि हेन्री नऊ वर्षांचा असतांना वडिलांचें छत्रहि हरपलें. ज्या वयांत आमचे वाचक दप्तर घेऊन शाळेंत येतात, त्या वयांत हा मुलगा लंडनच्या रस्त्यांत वर्तमानपत्रें विकीत होता, व पुढें तारा पोंचवीत होता. शाळेचा लाभ त्याला फारच थोडा झाला. १८७८ सालीं नात्यांतील एका दयाळू स्त्रीनें वर्षाला वीस पौंड भरण्याचें पत्करून त्याला पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यांत उमेदवार म्हणून ठेविलें. तीन वर्षांनीं तिच्याजवळचे पैसे संपले, आणि शिक्षण अर्धवट राहिलें. तरी हेन्रीनें धीर सोडला नाहीं. दिवसा मजुरी व रात्रीं विजेच्या शास्त्राचा अभ्यास, असा त्याचा क्रम चालूं राहिला.

१८८४ सालीं रॉइस यांनीं मँचेस्टर येथें लहानसा कारखाना काढला. भांडवल म्हणजे स्वतः सांठविलेले वीस पौंड, व अर्नेस्ट क्लेअरमाँट या भागीदाराचे पन्नास. प्रथम विजेच्या घंटा व दिव्यांचें सामान, पुढें डायनॅमो व अवजड ओझीं उचलणारे विजेचे यारी, असा धंदा वाढत गेला.

१९०३ सालच्या सुमारास रॉइस यांच्याजवळ डेकोव्हिल नांवाची एक वापरलेली फ्रेंच मोटार होती. तिला दोन सिलिंडर होते. ती गोंगाट करी, लवकर तापे, आणि तिच्या ठिणगीचा भरंवसा नसे. दुसऱ्या कोणीं ती विकून टाकली असती. रॉइस यांनीं ती खोलून तिचा प्रत्येक भाग तपासला.

इंजिन अडखळतें म्हणजे काय होतें, हें येथें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. प्रत्येक सिलिंडरांत पेट्रोलची वाफ व हवा आंत येते, दाबली जाते, ठिणगीनें पेटते, आणि जळलेला धूर बाहेर जातो. यांतील एखादा स्फोट चुकला, कीं गाडीला हिसका बसतो. अशा वेळीं जाणता कारागीर एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर बंद करून आवाज ऐकतो. गति मंदावली तर तो सिलिंडर निर्दोष. कांहींच फरक पडला नाहीं, तर अपराधी तोच. मग तो त्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यावर बसवून पाहतो. दोष प्लगाबरोबर सरकला, तर प्लग बदलणें पुरे. ठिणगी व पेट्रोल दोन्हीं ठीक असूनहि सर्वच सिलिंडर दुबळे वाटले, तर संशय कॅमशाफ्टावर जातो. हा दांडा मुख्य दांड्याच्या निम्म्या वेगानें फिरून झडपा उघडतो. त्याचें दांतेरी चाक एका दांत्यानें जरी सरकून बसलें, तरी झडपा अवेळीं उघडतात, व सर्व भाग धड असूनहि इंजिनाचें बळ जातें. म्हणून चाकांवरील खुणा जुळवून पाहणें हाच त्यावर उपाय. योग्य काम अयोग्य वेळीं केल्यास तें वायां जातें, हें यंत्रालाहि लागू आहे.

जुन्या गाडीचे दोष समजल्यावर रॉइस यांनीं स्वतःच दोन सिलिंडरांची गाडी रचिली. तींत ठिणगीची व्यवस्था व कार्ब्युरेटर त्यांनीं स्वतः आंखले. १ एप्रिल १९०४ रोजीं ती प्रथम रस्त्यावर आली. त्याच वर्षीं ४ मे रोजीं मँचेस्टर येथें त्यांची चार्ल्स रोल्स या धनिक तरुणाशीं भेट झाली, आणि त्या भेटींतून दोघांचीं नांवें जगभर जोडलीं गेलीं. त्यांच्या सहा सिलिंडरांच्या गाडींत प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असून ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था होत्या. एक चुकली तरी दुसरी काम देई. १९०७ सालच्या परीक्षेंत पेट्रोलची तोटी हादऱ्यानें मिटल्यामुळें ही गाडी एकदां थांबली. परंतु त्यानंतर १४,३७१ मैल तिला नाइलाजानें कोठेंच थांबावें लागलें नाहीं. १९०८ सालीं मुंबई ते कोल्हापूर अशा मोटारींच्या परीक्षेंत याच जातीची एक गाडी सह्याद्रीचे घाट ओलांडून यशस्वी झाली.

या यशाची किंमतहि रॉइस यांना भरावी लागली. यंत्राचा लहानसा दोष शोधणारा हा पुरुष स्वतःच्या भुकेकडे व झोंपेकडे लक्ष देत नसे. पन्नाशीच्या आंतच त्यांची प्रकृति पार ढासळली, आणि उरलेलें बहुतेक आयुष्य कारखान्यापासून दूर, समुद्रकांठीं काढावें लागलें. तेथूनहि ते इंजिनांचे आराखडे पाठवीत राहिले. १९१९ सालीं अटलांटिक महासागर न थांबतां ओलांडणाऱ्या पहिल्या विमानाला त्यांच्याच कंपनीचीं दोन इंजिनें होतीं. १९३० सालीं त्यांना बॅरोनेट ही पदवी मिळाली. तरी स्वतःला ते साधा मेकॅनिकच म्हणवीत. २२ एप्रिल १९३३ रोजीं त्यांचा अंत झाला.

बालमित्रहो, गणित चुकलें तर पाटी पुसून टाकूं नका; कोणत्या पायरीवर चुकलें तें पाहा. पालकांनाहि आमची नम्र विनंति अशी कीं, मूल मागें पडलें तर त्याला एकदम मठ्ठ ठरवूं नये. कदाचित् सर्व भाग धड असतील, आणि केवळ एक दांता सरकला असेल. तो शोधण्यास रॉइस यांची चिकाटी घ्यावी. मात्र देहाची त्यांनीं केलेली हेळसांड घेऊं नये.