मोत्यांचे व्यापारी महंमद अली झैनल

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पूर्वी अनेक घरी म्हशी असत. त्यांना धुण्यासाठी रंकाळ्यावर नेत. नवी म्हैस घ्यायची झाली, की घरातला जाणता माणूस जनावरांच्या बाजारात जाई. तिथे भाव तोंडाने बोलत नसत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालत आणि एकमेकांची बोटे दाबून किंमत ठरवत. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नसे. या रीतीला हत्ता पद्धत म्हणतात. धान्याच्या आणि कापसाच्या बाजारांतही ती होती. पण तिथे शेतकऱ्याची फसवणूक होऊ लागली, म्हणून पुढे कायद्याने ती बंद करण्यात आली.

हीच रीत इराणच्या आखातातील अरब व्यापाऱ्यांमध्ये होती. मात्र त्यांच्या रुमालाखाली म्हशीचा नव्हे, तर मोत्यांचा सौदा होई. मोत्यांच्या या व्यापारात मोठे नाव मिळवलेले शेख महंमद अली झैनल अलीरझा यांचे अर्धेअधिक आयुष्य आपल्या मुंबईत गेले. त्यांची ही हकीकत आहे.

महंमद अली यांचा जन्म १८८४ साली जेद्दा शहरी झाला. जेद्दा हे मक्केचे बंदर. हजला जाणारे यात्रेकरू बोटीतून इथेच उतरत. झैनल घराणे मूळचे इराणच्या किनाऱ्याकडचे. १८४५ च्या सुमारास त्यांनी जेद्दाला पेढी घातली. हिंदुस्थानातून येणारे तांदूळ, कापड आणि इतर माल यांवर त्या काळी जेद्दाची बाजारपेठ चालत असे.

त्या पेढ्यांचा कारभार आजच्या कंपन्यांसारखा नव्हता. एक भाऊ एका बंदरात, दुसरा भाऊ दुसऱ्या बंदरात, पुतण्या तिसऱ्या बंदरात, असा पसारा असे. मोठमोठे व्यवहार नुसत्या शब्दावर होत. व्यापाऱ्याच्या घरी मजलिस भरे. दार उघडे असे. येणाऱ्याला आधी कॉफी मिळे, मग घरच्या मंडळींची खुशाली विचारली जाई आणि कामाची गोष्ट सर्वांत शेवटी निघे. घाई करणारा माणूस कच्चा समजला जाई. या गप्पांतूनच कोणाची पत किती, कोणाचे जहाज बुडाले, कोण शब्दाला जागतो, हे सगळे समजत असे. नवख्या माणसाला व्यापारात शिरायचे असेल, तर कोणीतरी त्याची हमी घ्यावी लागे. अरबीत याला वास्ता म्हणतात. उर्दू बोलणाऱ्यांना हा शब्द निराळा सांगायला नकोच. दलाल आणि सराफ हे मराठीतले रोजचे शब्दही अरबीतूनच आले आहेत.

वास्त्याचा फायदा ज्याची ओळख आहे त्याला. ज्याची कोणाशीच ओळख नाही, त्याने काय करावे? झैनल घराण्याची ओळख मोठी होती. घराण्यातले एक वडीलधारे पुढे जेद्दाचे कायममकाम, म्हणजे शहराचे प्रमुख अधिकारी झाले. पण बंदरावरच्या हमालाच्या मुलाला असा आधार कुठला?

तरुण महंमद अलींच्या डोळ्यांसमोर अशीच मुले होती. तेव्हा जेद्दावर तुर्की सुलतानाचे राज्य होते. सरकारी शाळेत शिक्षण तुर्की भाषेत चाले आणि मुलांची भाषा तर अरबी. त्यामुळे बहुतेक मुले निरक्षर राहत. १९०५ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, महंमद अलींनी अब्दुर्रऊफ जमजूम यांच्यासारख्या मित्रांना बरोबर घेऊन एका घरात शाळा सुरू केली. सरकारची परवानगी नव्हती, म्हणून सुरुवातीला ती गुपचूप चाले. परवानगी मागाहून मिळाली. शाळेचे नाव ठेवले फलाह, म्हणजे कल्याण. अजानमध्ये हा शब्द आपल्या कानांवर रोज पडतो. पैसे कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नीने आपले दागिने काढून दिले, असे सांगतात. योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १९०६ साली, राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगची स्थापना केली. दोघांनाही एकच काळजी होती.

१९१२ साली मक्केत दुसरी फलाह शाळा निघाली. शिक्षण मोफत होते, त्यामुळे खर्च वाढत चालला. तो भागवण्यासाठी मोठा व्यापार हवा होता आणि त्या काळी मोत्यांइतका मोठा व्यापार आखातात दुसरा नव्हता. मोती विकण्याची पेठ मात्र मुंबई. म्हणून महंमद अली मुंबईला आले.

मोती मुंबईत कसा येई, ते पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्याचे सुमारे चार महिने बहरीन, कुवेत, कतार, दुबई या बंदरांतून शेकडो नावा समुद्रात जात. नावेच्या प्रमुखाला नाखुदा म्हणत. आपल्या कोकणातला नाखवा तो हाच! पाणबुडा नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जाई आणि शिंपले गोळा करी. वर उभा असलेला साथीदार त्याला दोराने ओढून घेई. हंगाम सुरू होण्यापूर्वी पाणबुड्याला घरखर्चासाठी उचल द्यावी लागे. ती नाखुदा देई. नाखुद्याला ती व्यापारी देई, त्या व्यापाऱ्याला मोठा व्यापारी, आणि त्याच्यामागे पुष्कळदा मुंबईचे भांडवल असे. ही सारी साखळी विश्वासावर उभी होती.

पण या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला, म्हणजे पाणबुड्याला, तिचा काच फार होता. मोती कमी मिळाले, की उचल फिटत नसे. कर्ज वर्षानुवर्षे वाढे आणि बाप मेला तर ते मुलाच्या गळ्यात पडे. हिशेबाची वही नाखुद्याकडे, आणि पाणबुड्याला वाचता येत नसे! १९२० नंतरच्या दशकात बहरीनमध्ये सुधारणा झाल्या आणि प्रत्येक पाणबुड्याच्या हातात त्याच्या हिशेबाची वही देण्याचा नियम झाला. त्या वेळी अनेक नाखुदे आणि व्यापारी या नियमावर नाराज झाले. ज्या विश्वासाचे ते गोडवे गात, तो किती एकतर्फी होता हे यावरून दिसते.

मुंबईत मोत्यांना भोके पाडत, चाळणीने लहानमोठे निवडत आणि सर गुंफत. किंमत करण्याची रीतही वेगळी होती. एका मोत्याचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट असेल, तर त्याचे मोल दुप्पट नव्हे, चौपट धरले जाई. मग कापडाखाली हात जात. एक बोट धरले तर एक, पाचही धरली तर पाच. हे शेकडे की हजार, हे दोघांनाही आधीच ठाऊक असे. एकदा हात सुटला, की सौदा पक्का. लेखी करार नसला तरी कोणी शब्द फिरवत नसे, कारण शब्द फिरवणाऱ्याचे नाव पुढच्या बोटीबरोबर प्रत्येक बंदरात पोचे.

महंमद अलींचा व्यापार पॅरिसपर्यंत गेला. लोक त्यांना मोत्यांचा राजा म्हणू लागले. मिळालेला पैसा त्यांनी शाळांकडे वळवला. बंदरोबंदरी पसरलेली व्यापाऱ्यांची ओळखच त्यांनी या कामाला लावली. जिथे मोत्यांचा व्यापारी, तिथे शाळेचा पाठीराखा, अशी त्यांची रीत होती. दुबईतही फलाह शाळा निघाली, पुढे मुंबईतही. जेद्दा-मक्केच्या काही हुशार विद्यार्थ्यांना त्यांनी पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला आणले.

आणि मग मोत्यांचा बाजारच कोसळला. जपानमध्ये मिकिमोतो यांनी शिंपल्यात मोती वाढवण्याची युक्ती साधली होती. १९२१ च्या सुमारास हे गोल, स्वस्त मोती युरोपच्या बाजारात आले. त्यावर १९२९ ची जागतिक मंदी आली. आखातातल्या नावा किनाऱ्याला लागल्या, कित्येक जुन्या पेढ्या बुडाल्या. बहरीनमध्ये १९३२ साली तेल सापडले, पण पाणबुड्यांच्या घरी त्या तेलाचा पैसा पोचायला बरीच वर्षे गेली.

महंमद अलींची मिळकतही ओसरली. शिक्षकांचे पगार द्यायचे कुठून, हा प्रश्न उभा राहिला. फलाहच्या सगळ्या शाखा टिकल्या नाहीत. पण जेद्दा आणि मक्का येथील शाळा वाचल्या. तोवर तिथे शिकलेली मुले मोठी झाली होती. कोणी शिक्षक होते, कोणी व्यापारी, कोणी सरकारी कचेरीत. हमजा शहाता आणि महंमद हसन अव्वाद हे नामवंत कवी जेद्दाच्या फलाह शाळेचेच. ज्यांना पूर्वी कोणाचा वास्ता नव्हता, त्यांचा आता एकमेकांना वास्ता होता.

महंमद अली मात्र मुंबईतच राहिले. आखातात आपला रुपया चलन म्हणून चालत असे, तो काळही त्यांच्यादेखत ओसरला. १९६६ नंतर तिथल्या बहुतेक राज्यांत रुपया उरला नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६९ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले. जेद्दा आणि मक्का येथील फलाह शाळा आजही भरतात.