जॅक कॉर्नवेल आणि वयाची अट

मी पंधरा वर्षांचा आहे. एनडीएत दाखल होण्यासाठी वयाची साडेसोळा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. ही अट मला नेहमी जाचक वाटायची. जॅक कॉर्नवेलचे चरित्र वाचल्यावर मी तिचा पुन्हा विचार केला.

जॅकचा जन्म ८ जानेवारी १९०० रोजी लंडनजवळच्या लेटन येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो चहाच्या गाडीवर माल पोहोचवण्याचे काम करू लागला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. वडील सैन्यात गेले. १९१५ मध्ये, पंधराव्या वर्षी, जॅक ब्रिटिश आरमारात भरती झाला. त्या काळी आरमारात एवढ्या लहान मुलांना ‘बॉय’ या हुद्द्यावर घेत असत.

प्लिमथ येथे प्रशिक्षण घेऊन तो ‘चेस्टर’ या नव्या क्रूझरवर रुजू झाला. कानाला यंत्र लावून तोफेजवळ उभे राहायचे आणि येणाऱ्या हुकुमाप्रमाणे नेमाची चकती फिरवायची, हे त्याचे काम होते.

जहाजावर त्याला जेमतेम महिना झाला होता. ३१ मे १९१६ रोजी उत्तर समुद्रात जटलंडची लढाई झाली. ‘चेस्टर’ जर्मन क्रूझरांच्या माऱ्यात सापडली. काही मिनिटांतच जॅकच्या तोफेवरचे सगळे साथीदार ठार किंवा गंभीर जखमी झाले. जॅकच्याही छातीत पोलादाचे तुकडे घुसले. तरीही त्याने जागा सोडली नाही. पुढच्या हुकुमाची वाट पाहत तो तोफेपाशी उभा राहिला.

त्याला ग्रिम्स्बीच्या रुग्णालयात नेले. आई पोहोचण्यापूर्वीच, २ जूनला, त्याचा मृत्यू झाला. गरिबीमुळे आधी त्याला सामायिक कबरीत पुरले होते. शौर्याची बातमी पसरल्यावर जुलैमध्ये संपूर्ण लष्करी इतमामाने पुन्हा अंत्यसंस्कार झाले. सप्टेंबरमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ऑक्टोबरमध्ये वडीलही सेवेत असतानाच वारले. नोव्हेंबरमध्ये आईने राजाच्या हातून मुलाचे पदक स्वीकारले.

मृत्यूच्या वेळी जॅकचे वय १६ वर्षे ४ महिने होते. म्हणजे आज तो एनडीएच्या वयातही बसला नसता. आपल्याकडे साडेसोळाव्या वर्षी निवड झाली, तरी खडकवासल्याला तीन वर्षे आणि पुढच्या अकादमीत साधारण एक वर्ष शिकल्यावरच अधिकारी होता येते. १८ वर्षांखालील सैनिक प्रत्यक्ष लढाईत उतरू नये, याची काळजी देशांनी घ्यावी, असा करार संयुक्त राष्ट्रांनी २००० साली केला. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला.

जॅकच्या धैर्यात काहीच उणे नव्हते. म्हणून मला वाटते की वयाची अट आमचे धैर्य मोजायला ठेवलेली नाही. धाडसी मुलगा स्वतःहून मागे हटत नाही, म्हणून त्याला थांबवण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायची असते. ती जॅकच्या वेळी कोणी घेतली नाही.

मला साडेसोळा पूर्ण व्हायला अजून वर्षभर आहे. तोवर गणित पक्के करायचे आहे आणि पोहण्याची चाचणी पार करायची आहे. आता हा काळ मला वाया गेल्यासारखा वाटत नाही.