उत्तर देणारा लोकनेता

वरळीच्या बीडीडी चाळींतील अनेक खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आढळते. तीत बाबासाहेब कधी हाती राज्यघटना घेऊन उभे असतात, तर कधी बोट उंचावून दिशा दाखवीत असतात. सभागृहात उभे राहून सभासदांच्या आक्षेपांना एकामागून एक उत्तरे देणारे बाबासाहेब मात्र आपल्या नजरेसमोर क्वचितच येतात. संसदीय लोकशाहीच्या दृष्टीने त्यांचे तेच रूप आज अधिक अभ्यासण्याजोगे आहे.

बाबासाहेबांचा मूळ पिंड अर्थशास्त्रज्ञाचा होता. कोलंबिया विद्यापीठ व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे त्यांचे शिक्षण झाले. मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात ते काही काळ अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा संसार मात्र अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत होता. तत्कालीन गव्हर्नर लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. प्रत्येक चाळीत ऐंशी आणि प्रत्येकी सुमारे १६० चौरस फुटांच्या अशा त्या खोल्यांत गिरणगावातील कष्टकऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. बाबासाहेबांना हे जीवन पुस्तकातून जाणून घ्यावे लागले नाही, आणि सभागृहातील त्यांच्या युक्तिवादाचे बळ बरेचसे यातच होते.

१९२७ साली ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सभासद झाले. पुढील वर्षी कारखान्यांतील स्त्रियांना प्रसूतिकाळात रजा व भत्ता देणारे विधेयक चर्चेस आले, तेव्हा हा बोजा उद्योगावर का, असा आक्षेप निघाला. बाबासाहेबांनी तो झटकून टाकला नाही. या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणारा मालक त्यामुळे जबाबदारीतून सर्वस्वी मुक्त होत नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. प्रतिपक्षाच्या म्हणण्यातील ग्राह्य अंश आधी स्वीकारावयाचा आणि मग उरलेल्या भागावर घाव घालावयाचा, ही त्यांची रीत पुढेही कायम राहिली.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून ते भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले. त्या वेळी त्यांचे प्रतिस्पर्धी होते प्रख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. खेर मंत्रिमंडळासमोर बाबासाहेब विरोधी बाकावर बसले. खोती पद्धत नष्ट करणारे विधेयक त्यांनी मांडले. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकात संपाच्या हक्कावर येणारी बंधने त्यांनी कलमवार तपासली. सभागृहात बहुमतापुढे इलाज चालला नाही, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. सभागृह आणि मैदान या दोन जागा त्यांनी परस्परविरोधी मानल्या नाहीत. मात्र आधी युक्तिवाद आणि मग संप, हा क्रम त्यांनी पाळला.

त्यांच्या उत्तरांची खरी कसोटी लागली ती सत्तेच्या बाजूस बसल्यावर. १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले. युद्धकाळात कोळशाचा तुटवडा भासू लागला. खाणींतील मजूर अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे वळले होते. स्त्रियांना भूगर्भातील कामास असलेली बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली आणि त्याबद्दल मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारला जाब विचारण्यात आला. ना. म. जोशी यांच्यासारखे कामगारनेते ज्या सभागृहात बसत, तेथे हा निर्णय समर्थनीय ठरविणे सोपे नव्हते. आयुष्यभर श्रमिक स्त्रियांची बाजू घेतलेल्या माणसावर तो प्रसंग आला. निर्णय इष्ट आहे असे त्यांनी भासविले नाही. तो आपद्धर्म आहे आणि तात्पुरता आहे, हे सांगून स्त्रियांना पुरुषांइतकेच वेतन देण्याच्या अटीकडे त्यांनी लक्ष वेधले.

या उत्तराने सर्वांचे समाधान होणे शक्य नव्हते. मजुरीच्या फरकामुळे माणसे खाण सोडून जात असतील, तर खाणीतील मजुरी पुरेशी वाढविणे हाच सरळ उपाय होता, असे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी म्हणेल. परंतु उत्तर अपुरे असणे आणि उत्तर टाळणे यांत महदंतर आहे. अपुऱ्या उत्तराचा पाठपुरावा करता येतो. टाळलेल्या उत्तराचा करता येत नाही. १९४६ मध्ये ती बंदी पुन्हा अमलात आली. त्याच वर्षी कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी दुरुस्तीही झाली.

घटना समितीत या रीतीचा कळस झाला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कोणी राज्याच्या अधिकारांविषयी, कोणी शेतकऱ्याविषयी, तर कोणी केवळ शब्दयोजनेविषयी बोले. मुंबईचेच अर्थशास्त्रज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी घटनेत समाजवादी हा शब्द घालण्याची सूचना केली. समाजाची आर्थिक रचना काळानुसार जनतेने ठरवावी, घटनेने ती आधीच बांधून टाकू नये, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. शिवाय समाजवादी आशय मार्गदर्शक तत्त्वांत आलेलाच आहे, असे त्यांनी निदर्शनास आणले. पुढे १९७६ मध्ये तो शब्द उद्देशिकेत आला. कोण बरोबर, हा वाद आजही संपलेला नाही. पण दोन्ही बाजूंची कारणे नोंदलेली आहेत, म्हणूनच तो वाद आपण करू शकतो. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपात त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, शहा, कुंझरू अशा सतत हरकती घेणाऱ्यांची नावे घेऊन त्यांचे ऋण मानले. त्यांच्यामुळेच मसुद्यातील तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली, अशी त्यांची भावना होती.

उत्तरे देऊन सर्व काही साधते, असे नाही. हिंदू संहिता विधेयक रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात ते पराभूत झाले. तरीही १९५६ मध्ये निधन होईपर्यंत राज्यसभेचे सभासद म्हणून त्यांनी सभागृहाशी नाते राखले.

आज वरळीच्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु इमारतीची देखभाल, उद्वाहनाचा खर्च, मर्यादित मिळकतीच्या कुटुंबाची तेथे टिकून राहण्याची क्षमता हे प्रश्न यापुढचे आहेत, आणि ते विचारण्याची जागा सभागृह हीच आहे. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात साथीच्या कारणास्तव संसदेतील प्रश्नोत्तराचा तासच वगळण्यात आला होता. युद्धाच्या ऐन धामधुमीत परकीय सरकारच्या सभागृहातही उभे राहून उत्तर देणाऱ्या माणसाचा वारसा सांगणाऱ्यांनी याचा विचार करावयास हवा. तसबिरीला हार घालणे सोपे आहे. प्रश्न विचारणाऱ्याचे ऋण मानणे कठीण आहे, आणि बाबासाहेबांचे खरे स्मरण त्यातच आहे.