सनद नसलेला वकील

अभियांत्रिकीचा प्रवेश थोडक्या गुणांनी हुकला आणि मी कलाशाखेत आले. आर्ट्‌सला जाऊन करणार काय, हा प्रश्न घरीदारी इतक्यांदा ऐकला की अखेर तो माझाच होऊन बसला. अशा मनःस्थितीत ग्रंथालयात मला आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी भेटला. छोट्या राजपुत्राची गोष्ट लिहिणारा लेखक म्हणून आपण त्याला ओळखतो. मला सांगायची आहे ती त्याच्या नोकरीची गोष्ट.

त्याचा जन्म १९०० साली फ्रान्समधील लियाँ शहरी झाला. नौदल विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो नापास झाला, वास्तुकलेचे शिक्षणही अर्धवट राहिले. १९२६ मध्ये तो तुलूझच्या लातेकोएर कंपनीत टपालविमानांचा वैमानिक म्हणून रुजू झाला.

ही विमाने सहाराच्या किनाऱ्याने डाकारपर्यंत जात. इंजिने वाटेत बंद पडत. वाळवंटात उतरावे लागलेल्या वैमानिकांना मूर टोळ्या ओलीस धरीत. काहींचे तर प्राणही गेले. विमाने फ्रेंचांची, किल्ला स्पॅनिशांचा आणि वाळवंट टोळ्यांचे, असा तो तिढा होता. १९२७ मध्ये कंपनीने या तरुणाला तेथील कॅप ज्युबी ठाण्याचा प्रमुख नेमले.

किल्ल्याच्या भिंतीलगतची लाकडी झोपडी हेच त्याचे घर. पदरी फौज नाही, हाती सरकारी शिक्का नाही. त्याने काय करावे? तो अरबी शिकू लागला. टोळीप्रमुखांच्या तंबूत चहाला जाऊन बसू लागला. स्पॅनिश अधिकाऱ्यांशीही त्याने सलोखा राखला. अडकलेल्या सहकाऱ्यांच्या सुटकेसाठी तो स्वतः विमान घेऊन धावे. प्रत्येक वेळी यश आले असे नाही. १९२८ मध्ये वैमानिक रेन व अभियंता सेर पकडले गेले, तेव्हा त्याचे प्रयत्न तोकडे पडले. दोघे सुटले ते काही महिन्यांनी, खंडणी देऊन.

पेशवाईत परक्या दरबारी वकील असत. त्यांच्याजवळ धन्याची सनद असे. याच्याजवळ होती ती केवळ भाषा आणि ऐकून घेण्याची तयारी! नागरी विमानसेवेतील कामगिरीबद्दल १९३० मध्ये फ्रान्सने त्याला लेजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. पुढे, अभियंत्याची पदवी नसताना, विमानविद्येतील दहाहून अधिक पेटंटे त्याने नोंदवली.

३१ जुलै १९४४ रोजी तो कॉर्सिकाहून टेहळणीस निघाला आणि परतलाच नाही. मार्सेयजवळच्या समुद्रात सापडलेले अवशेष त्याच्याच विमानाचे आहेत, हे २००४ मध्ये सिद्ध झाले.

मित्रहो, त्याला वाळवंटात नेले यंत्राने. पण तेथे माणसांत नेले ते भाषेने. आर्ट्‌सला जाऊन करणार काय, असे आता कोणी विचारले तर मी गप्प बसत नाही. कॅप ज्युबीची ही हकीकत सांगते.