वहीखात्याचे गुरू : फ्रा लुका पाचोली



दरवर्षी २१ सप्टेंबरला आपण संत मत्तय ह्यांचा सण साजरा करतो. जकातनाक्यावर हिशेब करीत बसलेला हा माणूस प्रभू येशूच्या हाकेसरशी उठला आणि त्याच्या मागे गेला. हिशेबनीस आणि बँकेत काम करणारे त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. परंतु हिशेब लिहिण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती पुस्तकात छापून लोकांपर्यंत नेणारी व्यक्तीही आपल्याच ख्रिस्तसभेतील एक संन्यासी होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कॉमर्सला गेलेल्या आपल्या मुलामुलींनी हे नाव पहिल्याच धड्यात वाचलेले असते. एका मार्काच्या प्रश्नात ते लिहिले की पुढे विसरले जाते. ते नाव म्हणजे फ्रा लुका पाचोली. 'फ्रा' म्हणजे बंधू, फ्रान्सिस्कन संघातील बंधू.

इटलीत सानसेपोल्क्रो नावाचे एक छोटे गाव आहे. त्या गावी १४४५ च्या सुमारास लुकाचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. त्या काळी इटलीत व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी हिशेबाच्या शाळा असत. तेथे लॅटिनऐवजी रोजच्या बोलीतून गणित शिकवीत, आणि तेही रोमन आकड्यांत नव्हे, तर शून्यासह दहा अंकांत. हे अंक आपल्या भारतातले! अरबांकडून ते युरोपात गेले आणि पिसा शहरच्या लिओनार्दोने १२०२ साली त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे पुढे लुकाने जगाला जे दिले त्यात आपलाही थोडा वाटा आहे.

विशीच्या आत-बाहेर असताना लुका व्हेनिसला गेला. रोम्पियासी नावाच्या एका व्यापाऱ्याच्या तीन मुलांना शिकविण्याचे काम त्याला मिळाले. व्हेनिस म्हणजे त्या काळची मुंबई. मसाले, रेशीम, लोकर, सगळ्या मालाची जहाजे तेथे लागत. लुका मुलांना शिकवीत असे आणि स्वतः व्यापाऱ्याच्या पेढीवर बघूनबघून शिकत असे. हिशेब कसे लिहितात हे त्याने कोणत्याही विद्यापीठात पाहिले नाही, ते पेढीवरच पाहिले. १४७० साली त्याने ह्या तीन मुलांसाठी गणिताचे एक पुस्तक हाताने लिहून काढले.

त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. येथे थोडे थांबावेसे वाटते. संत फ्रान्सिस असीसीकर ह्यांनी श्रीमंत बापाचे घर, अंगावरचे कपडेसुद्धा सोडले. गरिबीचे व्रत घेतलेल्या त्यांच्या संघातील एका बंधूने व्यापाऱ्यांना नफा-तोटा शिकवावा, हे कसे? पण त्या काळातले फ्रान्सिस्कन पैशापासून तोंड फिरवून बसले नव्हते. सावकारी व्याजाने गरीब माणूस कसा पिळला जातो हे ते गावोगावी पाहत होते. १४६२ साली पेरुजिया शहरात त्यांच्याच पुढाकाराने गरिबांना वस्तू गहाण ठेवून अल्प दराने कर्ज देणारी संस्था सुरू झाली. आपल्या पतपेढ्यांची ती आजीच म्हणा ना! १४७७ मध्ये फ्रा लुका शिकवायला गेले ते ह्याच पेरुजियाला. पैसा जवळ न ठेवणारा माणूसच पैशाचा हिशेब निरपेक्षपणे शिकवू शकतो, असे मला तरी वाटते.

नोव्हेंबर १४९४ मध्ये व्हेनिसला त्यांचा मोठा ग्रंथ छापून झाला. अंकगणित, भूमिती, प्रमाण अशा सर्व विषयांचे सार त्यात होते. पाने सहाशेच्या वर. छपाईची कला तेव्हा नुकतीच रुजत होती आणि विद्वान मंडळी लॅटिनमध्येच लिहीत. फ्रा लुकांनी मात्र दुकानदाराला कळेल अशा इटालियन बोलीत लिहिले. ह्या ग्रंथात छत्तीस छोट्या प्रकरणांचा एक भाग आहे, तो वहीखात्यांचा.

त्यात त्यांनी तीन वह्या सांगितल्या आहेत. पहिली, दुकानात घडेल ते घडेल तसे टिपून ठेवण्याची कच्ची वही. तिच्यात घरातले कोणीही लिहावे. दुसरी रोजकीर्द, तिच्यात तेच व्यवहार नीट, क्रमाने उतरवायचे. तिसरी खतावणी, तिच्यात प्रत्येक माणसाचे आणि प्रत्येक मालाचे खाते वेगळे. पनवेलच्या जुन्या बाजारात ज्यांच्या आजोबांचे दुकान होते त्यांना ह्यात नवल वाटणार नाही. कीर्द-खतावणीची लाल वही त्यांनी फडताळात पाहिलेली असेल.

नवल आहे ते पुढे. प्रत्येक व्यवहार दोनदा लिहायचा! समजा, दुकानदाराने दहा हजारांचा तांदूळ रोखीने घेतला. एका वहीत केवळ दहा हजार गेले असे लिहून तो थांबला, तर त्या पैशाचे झाले काय हे वही सांगत नाही. द्विनोंदी पद्धतीत तांदळाच्या खात्यावर दहा हजार नावे पडतात आणि रोकड खात्यावर दहा हजार जमा होतात. तांदूळ उधारीवर आणला असेल तर रोकडीच्या जागी गिरणीवाल्याच्या खात्यावर जमा. एक बाजू आली की दुसरी आलीच. त्यामुळे सगळ्या खात्यांच्या नावे बाजूंची बेरीज आणि जमा बाजूंची बेरीज नेहमी सारखी यायला हवी. नाही आली तर कोठेतरी चूक आहे. ती सापडेपर्यंत वही मिटायची नाही. तेरीजपत्रक जुळेना म्हणून रात्री जागलेले हिशेबनीस आपल्या धर्मग्रामातही असतील.

ही पद्धत फ्रा लुकांनी शोधली नाही. आपण व्हेनिसची रीत सांगत आहोत, असे त्यांनीच स्पष्ट लिहिले आहे. जेनोवा शहराच्या सरकारी वह्या १३४० सालीच अशा रीतीने लिहिलेल्या सापडतात. बेनेदेत्तो कोत्रुल्यी नावाच्या व्यापाऱ्याने १४५८ मध्ये तिच्याबद्दल लिहिलेही होते, पण ते छापून आले १५७३ साली. तोवर फ्रा लुकांचे पुस्तक देशोदेशी पोहोचले होते. जी विद्या मोजक्या पेढ्यांच्या तिजोरीत होती ती त्यांनी सर्वांसाठी खुली केली, हे त्यांचे काम.

प्रत्येक वहीच्या आरंभी देवाचे नाव लिहावे आणि पहिल्या वह्यांवर क्रुसाची खूण करावी, असे ते सांगतात. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांना ही भावना सहज समजेल. पण देवाचे नाव लिहिले म्हणजे वही खरी झाली, असे समजण्याइतके ते भोळे नव्हते. काही व्यापारी दोन वह्या ठेवतात, एक विकणाऱ्याला दाखवायला आणि दुसरी घेणाऱ्याला, आणि वर त्यांवर शपथही घेतात, अशी तक्रार त्यांनी त्याच पुस्तकात केली आहे. म्हणून वह्या आधी सरकारी कचेरीत नेऊन त्यांची नोंद आणि शिक्का करून घ्यावा, असा त्यांचा सल्ला आहे. पाचशे वर्षांपूर्वीचे ऑडिटच हे! दोन्ही बाजू जुळल्या तरी मूळ नोंदच खोटी असेल तर बेरीज काय करणार? पनवेलकरांना हे वेगळे सांगायला नको. कर्नाळा नागरी सहकारी बँकेत बनावट कर्जखात्यांच्या आरोपावरून २०२० मध्ये गुन्हा दाखल झाला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. ठेवीदारांत निवृत्त माणसे होती, घरकाम करून पैसे साठवणाऱ्या भगिनी होत्या.

ग्रंथामुळे फ्रा लुकांचे नाव झाले. मिलानच्या ड्यूकने त्यांना बोलावून घेतले. तेथे लिओनार्दो दा विंची होते. त्यांनी हा ग्रंथ आधीच ११९ सोल्दी देऊन विकत घेतल्याची टीप त्यांच्या कागदांत आहे. दोघांची मैत्री जमली. फ्रा लुकांनी लिओनार्दोंना गणित सांगावे आणि लिओनार्दोंनी त्यांच्या नव्या पुस्तकासाठी घनाकृतींची चित्रे काढावीत. १४९९ मध्ये फ्रेंच सैन्याने मिलान घेतले तेव्हा दोघेही शहर सोडून निघाले. चित्रांसह ते पुस्तक १५०९ मध्ये व्हेनिसला छापले गेले.

ह्याच पुस्तकाने त्यांच्या नावाला डाग लावला. त्याचा शेवटचा भाग त्यांच्याच गावचे थोर चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का ह्यांच्या लॅटिन लिखाणाचा इटालियन अनुवाद आहे, आणि तेथे पिएरोंचे नाव नाही. पिएरो तेव्हा हयात नव्हते. वासारी ह्या चरित्रकाराने १५५० मध्ये फ्रा लुकांना चक्क चोर ठरविले. पहिल्या ग्रंथात त्यांनी पिएरोंची नावानिशी स्तुती केली होती, हेही खरे. त्या काळी दुसऱ्याचे लिखाण आपल्या पुस्तकात घेण्याची रीत सर्रास होती, असे अभ्यासक सांगतात. तरीही ज्यांनी प्रत्येक देण्याची नोंद करायला जगाला शिकविले, त्यांच्या हातून हे देणे नोंदवायचे राहिले, ह्याची रुखरुख वाटतेच.

मठातही सगळे आलबेल नव्हते. त्यांना मिळालेल्या खास सवलतींवरून सानसेपोल्क्रोचे बंधू नाराज होते. १५१० मध्ये ते तेथील मठाचे प्रमुख झाले, तरी तक्रारी वरपर्यंत गेल्या. १५१४ मध्ये पोप दहावे लिओ ह्यांनी त्यांना रोमच्या विद्यापीठात शिकवायला बोलावले. १९ जून १५१७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे गाव त्यांना विसरले. वह्या जगभर लिहिल्या जात राहिल्या, नाव मात्र मागे पडले. १८७८ साली सानसेपोल्क्रोच्या कामगार संघटनेने त्यांच्या स्मरणार्थ संगमरवरी फलक लावला. इतकी शतके ह्या गावकऱ्याला विसरलो ह्याची आपल्याला लाज वाटते, असे त्या कामगारांनी त्या फलकावरच कोरून ठेवले आहे.